सांडवा

माणूस मुळात उदार असतो. हिशेबाची वही उघडेपर्यंत. मित्रासाठी जीव द्यायला निघालेला गृहस्थ चहाचे पाच रुपये जास्त गेले म्हणून तीन दिवस अबोला धरतो. जीव कोणी मागणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. चहा मात्र रोज लागतो.

म्हणूनच मैत्रीची परीक्षा संकटात होते, हे मला फारसं पटत नाही. ती काटकसरीच्या सहलीत होते. आमची सहल तर अगदीच साधी : धाराशिवहून एस.टी.नं नळदुर्गला जायचं, किल्ल्यातला नर-मादी धबधबा बघायचा, बरोबरची भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. खर्च नावापुरता. पण खर्च नावापुरता असला की त्यावर बोलायला भरपूर वेळ मिळतो.

आम्ही पाच निवृत्त. थोरल्यांची पंच्याहत्तरी उलटलेली. त्यांना 2022 पासून एस.टी. फुकट. आम्हा तिघांना पासष्टी ओलांडल्यामुळे अर्धं तिकीट. धाकटा चौसष्ट वर्षांचा, त्याला पूर्ण. खजिनदार म्हणाला, "सगळं मिळून पाचांत वाटू."

"का म्हणून?" थोरले कडाडले. "पंच्याहत्तर वर्षं जगलो तेव्हा कुठं ही सवलत मिळाली. ती तुम्ही वाटून घेणार?"

"मग मी तरुण आहे म्हणून दंड भरू का?" धाकटा म्हणाला. चौसष्टाव्या वर्षी तरुण म्हणवून घ्यायची संधी त्यानं बरी साधली.

गंमत अशी की दोघांचंही बरोबर होतं. सारखं वाटणं म्हणजे न्याय, की ज्याचं त्यानं भरणं म्हणजे न्याय? मोठमोठ्या ग्रंथांत या प्रश्नाचा खल झालेला असेल. आमचा तुळजापूरपर्यंत झाला. शेवटी थोरल्यांनी आपला वाटा दिला आणि बजावलं, "दिले, पण मान्य नाही." ही तडजोड मला फार आवडली. मैत्रीत सगळं मान्य असायलाच हवं, असं कोणी सांगितलंय?

खरा पेच पुढेच होता. आमच्यातल्या एकाला पेन्शन नाही. तो घरून सगळ्यांना पुरतील एवढ्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आला होता. खजिनदार सरळ माणूस. कोणावर अन्याय नको, म्हणून त्यानं पेन्सिल काढली. "भाकरीचे किती धरू रे?"

"पैसे धरणार असशील तर गठुडं परत नेतो बघ."

कोणी काही बोललं नाही. खजिनदाराचा हेतू चांगला होता, हिशेबही चोख होता. पण त्या दिवशी आमचा मित्र एवढ्या एकाच गोष्टीत यजमान होता आणि ते यजमानपण आम्ही भाव ठरवून विकत घ्यायला निघालो होतो. देणं मोठं, हे आपण शिकतो. दुसऱ्याचं निमूट घेणंही शिकावं लागतं, हे मात्र कोणी शिकवत नाही.

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवर हा बंधारा झाला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरून आली की बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. तेच नर आणि मादी. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा पडतो. बांधणारे अडाणी नव्हते. या अवर्षणाच्या मुलखात थेंब न् थेंब अडवायला हवा, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी भिंत घातली. पण जास्तीच्या पाण्याला वाट ठेवली नाही तर नदी भिंतच घेऊन जाईल, हेही त्यांना कळत होतं.

हिशेब ही अशीच भिंत आहे. ती हवीच, नाहीतर एकाच्याच खिशातून सगळं वाहून जातं आणि बाकीचे त्याला दिलदार म्हणून मोकळे होतात. पण भिंतीला सांडवा हवा. चार गोष्टी मोजदादीतून सुटाव्यात, म्हणजे मोजलेल्या टिकतात.

यावर कोणी म्हणेल, सांडवा वाहतो तो तलाव भरल्यावर. ज्याचा भरलाच नाही त्यानं काय सांडावं? बंधाऱ्यापुरतं हे खरं आहे. माणसांचं तंत्र काही वेगळं दिसतं. आमच्या पाचांत सर्वांत कमी पाणी ज्याच्याकडे होतं, पहिला सांडवा त्याचाच वाहिला. आम्ही पेन्शनवाले मात्र काठोकाठ भरून पेन्सिल शोधत होतो.

खजिनदारानं वहीत 'भाकरी' असं लिहिलं आणि पुढचा रकाना कोरा ठेवला. बाकी सगळ्या रकमा पैशापर्यंत जुळल्या. चटणी तेवढी थोडी तिखट होती, असं थोरल्यांचं मत पडलं. तेही त्यांनी तिसरी भाकरी संपवल्यावर सांगितलं.