लक्कम्मेचं माप

संतपुरात माझं टायपिंगचं दुकान आहे. पहाणीचे (जमिनीच्या उताऱ्याचे) अर्ज, लग्नपत्रिका, मराठी-कन्नड दोन्ही. नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. इंटेलचा आय३-१२१०० स्वस्त: चार कोअर, ग्राफिक्स आतच. रायझन ५ ५६०० सहा कोअरचा, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणजे खर्च वाढला.

अर्जांना चार कोअरही जास्तच. मग वरचे दोन म्हणजे हाव का?

हाव म्हटलं की एक गोष्ट आठवते. आमच्याच बीदर जिल्ह्यातल्या कल्याणात (आजच्या बसवकल्याणात), बाराव्या शतकात, शरण मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. एकदा जास्त आणले, तर त्याच्या बायकोने, लक्कम्मेने, परत टाकायला लावले. पण तिच्या मापात दासोहाला, म्हणजे त्यांच्या अन्नदानाला, येणाऱ्यांची भूक धरलेली होती, हे आपण विसरतो. संध्याकाळी माझ्याकडे पोरं व्हिडिओ एडिटिंग शिकतात. तिथे सहाही कोअर राबतील. मी रायझनच घेणार.