क्रीडांगण आणि प्रेक्षकधर्म



मंदिरात कसे वागावे, पंगतीत कसे बसावे, दिंडीत कसे चालावे, हे वारकऱ्याला शिकवावे लागत नाही. ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते. पण शाळेच्या मैदानावर मुलांचा सामना बघायला उभे राहिलो, की आपली माळकरी मंडळीसुद्धा काय काय बोलून जातात! त्याविषयी चार शब्द सांगावेत असे मनात आहे. मात्र दुसऱ्याला सांगण्याआधी आमची स्वतःची चूक कबूल करणे भाग आहे.

एका गावी सप्ताहासाठी आमचा मुक्काम होता. त्याच वेळी तेथील शाळेत तालुक्याचे कबड्डीचे सामने भरले होते. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. त्यांपैकी हा सर्वांत लहान पोरांचा गट. दुपारची वेळ मोकळी होती, म्हणून यजमानांबरोबर आम्हीही गेलो. दोन्ही संघांचे गुण सारखे, वेळ संपत आलेली. पाहुण्या संघाचा गडी चढाईला आला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि झटकन मध्यरेषा ओलांडून माघारी फिरला. कोणाला हात लागल्याचे पंचांना दिसले नाही. चढाई फुकट गेली असेच सर्वांना वाटले. इतक्यात आमच्या यजमान गावचा कोपऱ्यातला पोरगा हात वर करून आपण होऊन बाहेर गेला. त्या एका गुणाने गाव हरले.

मग काय विचारता! कोणी त्याला घरभेद्या म्हटले, कोणी त्याच्या बापाचा उद्धार केला, कोणी पंचांच्या अंगावर धावून गेले. आणि आम्ही? आदल्या रात्री सत्याचा महिमा दोन तास सांगणारे आम्ही त्याला जवळ बोलावून म्हणालो, "अरे बाळा, पंचांना दिसलंच नव्हतं, मग हात वर करायची घाई कशाला केलीस?"

पोराने खाली मान घालून सांगितले, "पण महाराज, हात लागला होता."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री गळ्यात वीणा घालताना आम्हाला आमचीच लाज वाटली.

सज्जनहो, बघ्यांच्या तोंडामुळे केवढा अनर्थ होतो हे व्यासांनी आदिपर्वात दाखवून ठेवले आहे. द्रोणाचार्यांनी राजपुत्रांची विद्या सर्वांना दाखवावी म्हणून रंगभूमी उभारली. म्हणजे तोही एका अर्थी शाळेचाच सोहळा. धृतराष्ट्राला दिसत नाही म्हणून विदुर त्याला सगळे सांगत होता. भीम आणि दुर्योधन गदा घेऊन उतरले, तशी बघ्यांत फूट पडली. अर्धे भीमाचा जयघोष करू लागले, अर्धे दुर्योधनाचा. समुद्र खवळावा तशी रंगभूमी खवळली. द्रोणांनी ओळखले, की आता धोका गदेचा नाही, लोकांचा आहे. त्यांनी अश्वत्थाम्याला पाठवून तो खेळच थांबवला. शिक्षकांनी आणि पंचांनी हे ध्यानात धरावे. मैदान बिघडले तर खेळ थांबवणे हा कमीपणा नव्हे, ते आचार्यांचे काम आहे.

पण पुढचा प्रसंग द्रोणांनाही आवरला नाही. कर्ण आला. अर्जुनाने केले ते सारे त्याने करून दाखवले. कृपाचार्यांनी कुळ विचारले, दुर्योधनाने तेथल्या तेथे त्याला अंगदेशाचा राजा केले. तोच म्हातारा अधिरथ काठी टेकीत, घामाघूम होऊन आत आला आणि कर्णाने अभिषेकाने ओले झालेले मस्तक बापाच्या पायांवर ठेवले. असा तो क्षण! आणि भीम काय बोलला? तू हाती चाबूक घे, तुझ्या कुळाला तोच शोभतो. सूर्य मावळला, लोक घरी गेले, पण ते शब्द कर्णाच्या उरातून निघाले नाहीत. आजही मैदानाच्या कडेने पोराची जात, त्याचा रंग, त्याच्या बापाचा धंदा काढून ओरडणारे असतात. त्यांना वाटते आपण गंमत केली. त्या कोवळ्या जिवात आपण काय पेरले हे त्यांना कळत नाही.

याउलट रिंगण आठवा. माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण चांदोबाच्या लिंबापाशी होते. एवढा समुदाय दुतर्फा उभा असतो, अश्व मधून दौडत जातो, आणि कोण जिंकले असे कोणी विचारीत नाही. अश्व गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. बघावे कसे हे आपल्याला ठाऊक आहे. मैदानावर गेले की आपण ते विसरतो.

म्हणून विनंती अशी. आपल्या पोराने चांगली पकड केली तर टाळी वाजवा, समोरच्याने केली तरीही वाजवा. पंचांचा निर्णय पटला नाही तर ते बोलणे संघाच्या शिक्षकांनी नियमाने करावे, बघ्यांनी जिभेला लगाम घालावा. पाहुणा संघ दुरून आलेला असतो, त्याला आधी पाणी द्या. आपण पंगतीत कोणाचे गाव विचारून वाढतो काय? आणि हरलेल्या पोराला घरी जाताना वाटेत बोल लावू नका. त्याचे काय चुकले ते त्याला तुमच्याआधी कळलेले असते.

त्या सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन आले. भागवताच्या दशमस्कंधात, १८व्या अध्यायात गोपाळांच्या खेळाची कथा आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन भांडीर वडापर्यंत न्यावे, असा पण होता. बळरामाचा पक्ष जिंकला, कृष्णाचा हरला. तेव्हा त्रैलोक्याच्या धन्याने काय केले? पंच खोटा म्हणाला? रुसून बसला? नाही हो! श्रीदाम्याला मुकाट्याने पाठीवर घेतले आणि चालू लागला. देवाने हार पाठीवर वाहिली, मग आपल्याला ती जड का व्हावी?

ही कथा सांगून आम्ही भर मंडपात आमची चूक बोलून दाखवली. त्या पोराला बोलावून काल्याचा पहिला प्रसाद त्याच्या हाती दिला. त्याला घरभेद्या म्हणणाऱ्यांपैकी काही जण पुढे येऊन त्याच्या पाया पडले, काही आले नाहीत. जे आले नाहीत त्यांच्यावर आमचा राग नाही. आम्ही स्वतः परवापर्यंत त्यांच्यातच उभे होतो.

पुढच्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहाल तेव्हा गळ्यातल्या माळेला एकदा हात लावा आणि मग तोंड उघडा, एवढेच मागणे. ही वेडीवाकडी सेवा संतचरणी अर्पण.

रामकृष्णहरी.