दार आतून बंद करण्याचा हक्क

१८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातल्या बारा बड्या फुटबॉल क्लबांनी वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. इंग्लंडचे सहा, स्पेनचे तीन, इटलीचे तीन. एकूण वीस संघ खेळणार होते. पंधरा संस्थापकांच्या जागा कायमच्या. उरलेल्या पाचांनी दरवर्षी पात्रता मिळवून यायचे. इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तिथले सहाही क्लब मागे फिरले.

याला लोभ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्यांचे खेळाडू पाहायला जग टीव्हीसमोर बसते, त्यांनी वेगळी चूल का मांडू नये? वेगळे होणे हेच पाप असेल, तर प्रीमियर लीगही त्या पापातूनच जन्मली. १९९२ मध्ये वरच्या श्रेणीतले क्लब जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, ते उत्पन्न आपल्याच हाती राहावे म्हणून. शिवाय बंडखोरांना बंदीची धमकी देणारी ‘युएफा’ स्वतः स्पर्धा भरवते, त्यांतून कमावते आणि इतरांना परवानगी द्यायची की नाही, हेही ठरवते. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने परवानगीचे हे नियम बेकायदा ठरवले. मात्र सुपर लीगला मान्यता द्यायलाच हवी, असे म्हटले नाही.

मग चूक कुठे? बाहेर पडण्यात नव्हे, बाहेर पडून दार आतून बंद करण्यात. १९९२ नंतरही इंग्लंडमध्ये वर चढण्याची आणि खाली घसरण्याची शिडी शाबूत राहिली. म्हणून २०१४ मध्ये खालच्या श्रेणीतून वर आलेला लेस्टर सिटी २०१६ मध्ये विजेता होऊ शकला. सुपर लीगचे संस्थापक सामना हरू शकले असते, जागा नव्हे. आज जे मोठे आहेत, ते कोणाला तरी हरवून मोठे झाले. ज्यांना हरवले त्यांनाही जिंकण्याची संधी होती, म्हणून त्या मोठेपणाला अर्थ. ती संधी काढून घेतली, की उरते ती मिळकत.

‘क्लब आमचा’ म्हणणारा चाहता ‘कसेल त्याची जमीन’ या न्यायाने बोलतो. सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर असतो. तो चाहत्यांच्या नावावर केला, की न्याय झाला? रेआल माद्रिद आणि बार्सिलोना हे सभासदांच्या मालकीचेच क्लब. इंग्लिश क्लब फिरल्यावरही तेच अडून राहिले. सभासद आपल्या क्लबाचे हित पाहतो. अजून वर न आलेल्या संघाला कोणाच्याच सभेत मत नसते, आणि कायमच्या जागांनी त्याचाच हक्क जाणार होता.

अनुवाद करताना मी एका शब्दाशी अडखळते: संस्थापक. मराठीत शाळा किंवा वाचनालय काढणाऱ्याला आपण आदराने संस्थापक म्हणतो, कारण तो इतरांसाठी दार उघडतो. पंधरा खुर्च्या कायमच्या धरून ठेवणाऱ्यांसाठी तो शब्द लिहायला हात धजावत नाही.