वाळवण आणि अपरिग्रह

जे अन्न उद्या नासणार आहे ते माणूस साठवत नाही. तो ते विकतो, वाटतो, नाहीतर गुरांपुढे टाकतो. संग्रहाला निसर्गाने घातलेला हा सगळ्यात जुना लगाम आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या अंगणात कुणी लाकडी खोकं, काळा रंग दिलेला पत्रा, जाळीचे ट्रे आणि वर एक काच एवढ्या सामानावर घरच्या घरी सौर वाळवणी यंत्र बनवतं, तेव्हा नेमका हाच लगाम सुटतो. टोमॅटो, मेथी, कारलं, आवळा, शेवग्याचा पाला, जे आठवड्याच्या आत हातचं गेलं असतं ते वर्षभर राहतं. मग अपरिग्रहाला व्रत मानणाऱ्या परंपरेने या खोक्याकडे कसं पाहायचं? गांधीजींनी 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रं लिहिली. त्यांत पूर्ण अपरिग्रही माणूस त्यांनी पाखरासारखा कल्पिला आहे: डोक्यावर छप्पर नाही, अंगावर वस्त्र नाही, उद्यासाठी दाणा नाही. पुढे ते राहायला आले ते वर्धा नदीच्या पलीकडे, सेवाग्रामला. म्हणजे ही कसोटी या मुलखाला परकी नाही, आणि तिच्यावर वाळवणाची बरणी उघडउघड नापास होते.

या शंकेच्या बाजूने जगातल्या दोन वेगळ्या परंपरा साक्ष देतात. बायबलच्या निर्गम या पुस्तकात, वाळवंटात भटकणाऱ्या लोकांना रोज सकाळी आकाशातून मान्ना मिळतो. लोभाने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडतात. इंग्लंडच्या जॉन लॉकने 1689 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या राज्यविषयक दुसऱ्या निबंधात हेच तर्काने मांडलं: नासण्याआधी जेवढं वापरता येईल तेवढ्यावरच माणसाचा हक्क. पण दोन्ही साक्षी शेवटपर्यंत ऐकल्या तर निकाल फिरतो. त्याच मान्नाच्या कथेत सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा आहे, आणि विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी ठेवलेला मान्ना नासत नाही. गरजेपोटी ठेवलेलं आणि हावेपोटी ठेवलेलं यांत ती कथा स्वतःच फरक करते. लॉकही लवकर नासणारी फळं देऊन वर्षभर टिकणारे कठीण कवचाचे दाणे घेणाऱ्या माणसाला दोष देत नाही. त्याच्या मते मर्यादा खरी मोडते ती पैसा आल्यावर, कारण पैसा कधीच नासत नाही. विनोबांनी 1950 च्या सुमारास पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला तेव्हा त्यांनीही फारकत घेतली ती पैशाशी. धान्य आणि भाजीपाला तर आश्रमाने स्वतःच्या हाताने पिकवायचा होता. जैन श्रावकाचं परिग्रह-परिमाणाचं व्रतही धान्य ठेवू नका असं सांगत नाही. किती ठेवायचं याची रेघ आपणच आधी आखून घ्या, असं सांगतं.

म्हणून विचारायचं ते एवढंच की वाळवणाला अशी रेघ आहे का. माझं म्हणणं असं की घरी बनवलेल्या सौर यंत्रात ती रेघ त्याच्या रचनेतच असते, आणि हे आकड्यांनी पडताळता येतं. विदर्भात चांगल्या उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर साधारण साडेपाच युनिट ऊर्जा पडते. घरगुती यंत्र तिच्यातला फार तर तिसरा हिस्सा कामाला लावतं. एक किलो पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आत-बाहेर ऊर्जा लागते. हिशेब केला तर एका चौरस मीटरच्या काचेखाली दिवसाला दोन-अडीच किलो पाणी उडतं, म्हणजे जेमतेम तीन किलो ओली भाजी वाळते. दहा किलो टोमॅटोतून हाती येतात पाऊणशे तोळ्यांपेक्षाही कमी चकत्या, सातशे ग्रॅमच्या आसपास. घाई करायचीही सोय नाही. खालच्या फटीतून आलेली हवा काळ्या पत्र्यावर तापते. तीस अंशांची, साठ टक्के आर्द्रतेची हवा पन्नास अंशांवर नेली की तिची आर्द्रता वीस टक्क्यांवर येते आणि ती ओल शोषत वरच्या धुराड्यातून निघून जाते. लोभाने हीच हवा सत्तर अंशांच्या पुढे नेली तर फोडीची साल कडक होते, आत ओल कोंडते आणि बरणीत बुरशी धरते. ढग आले की काम थांबलं. एवढ्याशा काचेखाली कुणालाही साठेबाजी करता येणार नाही.

अशी रेघ असलेलं वाळवण शेतकऱ्याला बळ देतं, असंही मी म्हणेन. त्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप यवतमाळची जमीनच घेते. टिकाऊपणाने शेतकऱ्याला बळ येतं म्हणता, तर कापूस कुठे नासतो? तूर, सोयाबीन कुठे नासतात? हा जिल्हा पिढ्यानपिढ्या टिकाऊ, कोरडा माल पिकवत आला आहे. ओलावा बारा टक्क्यांच्या वर असेल तर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेत नाही, म्हणजे वाळवण्याची शिस्तही शेतकऱ्याला ठाऊक आहे. तरीही वेचणी झाली की कापूस पडेल त्या भावाने घराबाहेर जातो, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत यवतमाळ होतं. आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच करायला हवा: माल टिकला म्हणून माणूस टिकत नाही. कर्जाचं व्याज कुठल्याही भाजीपेक्षा लवकर आंबतं. पण कापसाचं उदाहरण दुसरंही काही दाखवतं. कापूस खाता येत नाही. घरात शंभर क्विंटल कापूस असला तरी चुलीवर ठेवायला त्यातलं काही नाही. तो पैशात बदलल्याशिवाय घराच्या उपयोगी पडत नाही, आणि पैशात बदलण्याचा दिवस दुसऱ्याच्या हातात असतो. वाळवलेल्या भाजीचं तसं नाही. व्यापाऱ्याने भाव पाडला तर ती घरी शिजते. पावसाळ्यात, जेव्हा मजुरी आटते आणि बाजारातली भाजी परवडत नाही, तेव्हा शेवग्याच्या पाल्याची मूठभर पूड वरणात पडते. कर्ज यातून फिटणार नाही, तसा दावा करणं क्रूरपणाचं होईल. पण आज नको, उद्या ये, असं व्यापाऱ्याला सांगण्याची थोडी ताकद येते. आणि अपरिग्रहाला ही ताकद आधी लागते. ज्याच्याजवळ कधी काही उरलंच नाही त्याच्या रिकाम्या हाताला व्रत म्हणणं मला मान्य नाही. सोडायला आधी हातात काही असावं लागतं.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं, रस गेलेलं, दुर्गंधी अन्न तामस सांगितलं आहे. मग वाळलेलं अन्न रस गेलेलंच नव्हे का? वाळवताना क जीवनसत्त्व बरंच जातं, हे खरं आहे आणि लपवू नये. पण अन्न शिळं होतं ते त्यातल्या पाण्यामुळे, त्या पाण्यावर वाढणाऱ्या जंतूंमुळे. ही ओल पुरेशी काढली की जंतूंची वाढ थांबते. वाळवण म्हणजे नासण्याची क्रिया अडवणं. ज्या परंपरेने सुंठ आणि मनुका औषधांत मानाने घेतल्या, तिने वाळलेल्याला मेलेलं मानलं नाही. जिल्ह्यातले कोलाम आणि गोंड मोहफुलं वेचून अंगणात वाळवतात, त्यांना हा भेद कुणी शिकवावा लागला नाही.

तिसऱ्या आक्षेपाचं मला अधिक भय वाटतं. आज अंगणात असलेलं खोकं उद्या कारखान्यात जाईल आणि वाळलेली भाजीही कापसासारखीच बाजाराची होईल. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून शिकलेल्या तरुणांच्या एस फोर एस टेक्नॉलॉजीजने मराठवाड्यातल्या शेतकरी बायांच्या हाती सौर ड्रायर दिले, त्यांच्याकडून वाळलेला माल घेतला, आणि 2023 मध्ये कचरामुक्त जगासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळवला. बायांच्या हाती उत्पन्न आलं, हे मोलाचंच आहे. पण घरचं वाळवण आणि विक्रीचं वाळवण यांची नीती एक नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेले जे. सी. कुमारप्पा कोळसा-तेलासारख्या साठ्यांवर चालणारी अर्थव्यवस्था आणि रोज नव्याने मिळणाऱ्या प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था असा भेद करत; पहिलीतून भांडणं उपजतात असं त्यांचं निरीक्षण होतं. यवतमाळमध्ये दोन्ही शेजारी नांदतात, वणीला कोळशाच्या खाणी आणि बाकी सगळीकडे ऊन. ऊन कुणाच्या मालकीचं नाही, पण काच, पत्रा आणि गिऱ्हाईक मालकीचे होऊ शकतात. म्हणून मला खोक्याचा आराखडा कुणालाही उतरवून घेता येईल असा उघडा राहणं त्याच्या कार्यक्षमतेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. गावातल्या सुताराला तो बनवता यावा, फुटलेली काच बदलता यावी.

आणि अपरिग्रहाची चर्चा करणाऱ्यांनी एक हिशेब कायम टाळला आहे, तो श्रमाचा. कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या, हे सगळं वाळवण उन्हाळ्याच्या तापलेल्या गच्चीवर कोण पसरतं, कोण उलटतं, कावळे-चिमण्या कोण हाकलतं, अवकाळीचा थेंब पडताच धावत कोण गोळा करतं? घरातल्या बाया. झाकलेल्या खोक्यात धूळ, माशा आणि पाखरं येत नाहीत आणि दिवसभर राखणीला बसावं लागत नाही. या यंत्राचा मला दिसणारा पहिला धार्मिक लाभ हाच आहे. पण वाचलेल्या वेळात घरातल्या बाईवर आणखी तीन ट्रे चिरण्याचं काम येणार असेल, आणि वाळलेल्या मालाचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जाणार असतील, तर संग्रह तिच्या श्रमाचा झाला. त्यामुळे किती वाळवायचं, किती घरात ठेवायचं, किती शेजारी द्यायचं आणि किती विकायचं, ही रेघ आखण्याचा हक्क भाजी चिरणाऱ्या हाताकडे असला पाहिजे.