पकडले म्हणजे सापडले का?

२०२५च्या जुलै महिन्यात महाराष्ट्रात दहा दिवसांच्या अंतरानं दोन निकाल लागले. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं लोकल गाड्यांतल्या ११ जुलै २००६च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. ३१ तारखेला मुंबईतल्याच राष्ट्रीय तपास संस्थेच्या (एनआयए) विशेष न्यायालयानं मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८च्या स्फोटातल्या सातही आरोपींची मुक्तता केली. पहिल्या घटनेत एकशे ऐंशीहून अधिक माणसं गेली होती, दुसरीत सहा. एका खटल्यातले आरोपी मुसलमान होते, दुसऱ्यातले हिंदू.

त्या दहा दिवसांतली चर्चा ज्यांनी ऐकली असेल, त्यांना एक गोष्ट नक्की जाणवली असेल. पहिल्या निकालानं ज्यांना धक्का बसला, त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या निकालात न्याय दिसला. ज्यांनी पहिल्याचं स्वागत केलं, त्यांतल्या अनेकांना दुसरा निकाल म्हणजे तपासाचा गळा घोटणं वाटलं. सरकारही याला अपवाद नव्हतं. लोकल खटल्यातल्या निकालाविरुद्ध राज्य सरकार दोन-तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. मालेगावच्या निकालाविरुद्ध मृतांच्या नातेवाइकांना स्वतःच उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आरोपीचं नाव वाचल्याशिवाय आपल्याला निकाल न्याय्य की अन्याय्य हे ठरवता येत नसेल, तर आपण न्याय मागतच नाही आहोत. हे मला फार गंभीर वाटतं.

पण आज मला जास्त बोलायचं आहे ते लोकलच्या खटल्याबद्दल. कारण तपास यंत्रणांना दिलेल्या वाढीव अधिकारांचं काय होतं, हे त्यात फार जवळून दिसतं.

११ जुलैची ती संध्याकाळ मंगळवारची होती. सहा वाजून चोवीस मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. खार, वांद्रे, जोगेश्वरी, माहीम, मीरा रोड, माटुंगा, बोरिवली. आठशेहून अधिक जण जखमी झाले. कुणाचे पाय गेले, कुणाचा कान कायमचा गेला. एक तरुण नऊ वर्षं बेशुद्ध पडून राहिला आणि २०१५ साली त्याच अवस्थेत गेला. ही माणसं घरी निघालेली होती. त्यांच्या खुन्यांना शोधून काढण्याची जबाबदारी सरकारवर होती, आणि ती पार पाडण्यासाठी सरकारच्या हातात ‘मकोका’, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, होता.

१९९९च्या या कायद्याचं कलम १८ वाचायला हवं. एरवी आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यातला आहे, म्हणजे इंग्रजांनी केलेला. आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो ठेवला आहे. कोठडीत कबुली कशी मिळते, हे राज्य करणाऱ्या परकीयांनाही ठाऊक होतं. ‘मकोका’नं हा नियम बाजूला ठेवला. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य झाली. त्याआधी ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्यानं हेच केलं होतं, नंतर तशाच ‘पोटा’नंही केलं.

लोकलच्या खटल्यात विशेष न्यायालयानं २०१५ साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. त्या शिक्षेचा मोठा भार या कबुल्यांवर होता. उच्च न्यायालयानं त्या तपासल्या, तेव्हा वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतले भाग एकमेकांवरून उतरवून काढावेत इतके सारखे निघाले. कबुलीसाठी आरोपींचा छळ झाला, हेही न्यायालयाला पटलं. ज्या साक्षीदारांनी आरोपींना पाहिल्याचं सांगितलं, ते शंभराहून अधिक दिवस गप्प होते. ओळखपरेड ज्यानं घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. आणि या सगळ्यात मला सर्वांत भयंकर वाटलेली गोष्ट म्हणजे, स्फोटांत नेमका कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला होता, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

एकोणीस वर्षं झाली. सात बॉम्ब फुटले. आणि बॉम्ब कसला होता हे ठरलं नाही!

हे का झालं असेल? अधिकारी नालायक होते म्हणून, असं म्हणणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. कबुलीवर काम भागतंय म्हटल्यावर बाकीचं काम मागे पडतं. स्फोटक कुठून आलं, कुणी विकलं, कुणी ने-आण केली, हे शोधायला महिने लागतात, प्रयोगशाळा लागते, चिकाटी लागते. वर रोज फोन येत असतात, विधानसभेत प्रश्न विचारले जात असतात, वाहिन्यांवर घड्याळ लावलेलं असतं. अशा वेळी कायदाच सांगतो की सही झाली तरी पुरे आहे, तर प्रामाणिक अधिकाऱ्याचाही पाय घसरतो. तपासाच्या हाताला बळ द्यायला म्हणून आणलेला अधिकार असा तपासाचीच जागा घेतो. तुरुंगातल्या निरपराध माणसाचं नुकसान तर होतंच, पण डब्यात मेलेल्या माणसाचंही होतं, कारण त्याचा खुनी मोकळा राहतो. उच्च न्यायालयानं निकालाच्या सुरुवातीलाच हे बजावलं आहे की, गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला तर समाजाला फसवं समाधान मिळतं आणि खरा धोका मोकाटच राहतो.

सर्वोच्च न्यायालयानं २४ जुलैला या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. शेवटचा शब्द त्या न्यायालयाचा असेल. माझा मुद्दा मात्र अपिलाच्या निकालावर अवलंबून नाही. बॉम्बचा प्रकार ठाऊक नसताना फाशी सुनावली जाऊ शकते, एवढं पुरेसं भीतीदायक आहे.

मालेगावची आणखी एक घटना यात घेतली पाहिजे, कारण ती लोक विसरतात. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं गेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं नऊ मुसलमान तरुणांना पकडलं, त्यांना ‘मकोका’ लावला. पुढे एनआयएच्या तपासात संशय भलतीकडेच वळला. २०१६ साली न्यायालयानं या आरोपींना दोषमुक्त केलं, तेव्हा नवातला एक जण हयात नव्हता. मेलेली माणसंही त्याच समाजातली आणि त्यांच्या खुनाबद्दल वर्षानुवर्षं आत राहिलेलीही त्याच समाजातली. त्यांच्या घरच्यांनी दुःख कशाचं आधी करायचं?

आता दुसरी बाजू. दहशतवादाचा तपास साध्या चोरीच्या तपासासारखा नसतो, हे मान्य करायलाच हवं. कट सीमेपलीकडे शिजतो, पैसा अनेक हातांतून फिरतो, साक्षीदार घाबरतो. हे जे म्हणतात ते खोटं बोलत नाहीत, आणि ज्यांच्या घरातलं माणूस स्फोटात गेलं त्यांच्यासमोर नुसतं नागरी स्वातंत्र्याचं पठण करणं मला निर्दयपणाचं वाटतं. तपासाला साधनं हवीतच. पण साधनं दोन जातींची असतात. एक, पुरावा गोळा करायला मदत करणारी: न्यायालयाच्या किंवा वरिष्ठांच्या देखरेखीखाली फोन ऐकण्याची परवानगी, साक्षीदाराचं संरक्षण, चांगली प्रयोगशाळा, आरोपपत्रासाठी थोडा जास्त वेळ. दुसरी, पुराव्याची गरजच कमी करणारी: पोलिसांपुढची कबुली, जामीन जवळजवळ अशक्य करणारं कलम. पहिली द्यावीत, मोकळेपणानं द्यावीत. दुसरी काढून घ्यावीत.

‘यूएपीए’ या बेकायदा कृत्यं रोखण्यासाठीच्या कायद्याचं कलम ४३डी या दुसऱ्या जातीचं आहे. आरोपपत्राशिवाय १८० दिवस कोठडी, आणि आरोप वरकरणी खरा वाटला की जामीन नाही. मग खटला उभा राहण्याआधीच शिक्षा भोगून होते. आदिवासींमध्ये काम करणारे फादर स्टॅन स्वामी यांना २०२०च्या ऑक्टोबरात याच कायद्याखाली अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे हातात पेला धरता येईना, म्हणून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तेवढ्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला आणि तारखा पडल्या. जुलै २०२१मध्ये वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले, तेव्हा खटल्याला सुरुवातही झालेली नव्हती. त्यांच्या मतांशी सहमत असण्या-नसण्याचा इथं काही संबंध नाही. म्हाताऱ्या कैद्याला पाणी पिता यावं, यात राष्ट्राच्या सुरक्षेला कुठं बाधा येते?

आणि माध्यमं. मी ज्या धंद्यात आहे त्याबद्दल इथं बोललंच पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यात आपल्या वाहिन्यांनी ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसवरची कारवाई थेट दाखवली. पलीकडे बसलेले सूत्रधार तेच पडदे पाहून आत लपलेल्यांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली, जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याच्या अपिलाचा निकाल देताना, याबद्दल वाहिन्यांना खडे बोल सुनावले, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल त्यांना घेऊ दिली नाही.

पण त्याच हल्ल्यात सेबॅस्टियन डिसूझा नावाचा छायाचित्रकार छत्रपती शिवाजी टर्मिनसवर होता. त्यानं गाडीच्या डब्याआडून कसाबचं छायाचित्र टिपलं. हातात बंदूक, पाठीवर पिशवी. पुढे तो न्यायालयात साक्षीला उभा राहिला आणि ते छायाचित्र खटल्यातला भक्कम पुरावा ठरलं. भीती पसरवणारी पत्रकारिता आणि पुरावा देणारी पत्रकारिता त्या एकाच रात्री एकाच शहरात होती. कुठल्या पत्रकारितेला आपण जाहिराती, प्रेक्षक आणि मान देतो, ते बघावं.

कसाबचा खटला मला फार महत्त्वाचा वाटतो तो आणखी एका कारणानं. त्याला वकील कशाला, खटला कशाला, चौकात लटकवा, असं तेव्हा घराघरांत बोललं जात होतं. त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांच्यासारखा ज्येष्ठ वकील न्यायालयानं नेमून दिला. पोलीस तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलून ज्याला जिवंत पकडून दिलं, त्याच्यावरचा आरोप शेवटपर्यंत टिकला, कारण पुरावा होता. आणि त्याच खटल्यात विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी दोन भारतीय सहआरोपींना सोडलं. त्यांनी हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे काढून दिले, असा आरोप होता. असा एक नकाशा मारला गेलेला हल्लेखोर अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात सापडला, असं सांगण्यात आलं. पँट रक्तानं भिजलेली होती. नकाशावर रक्ताचा थेंब नव्हता. न्यायाधीशांनी तो कागद नीट पाहिला आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. वरच्या दोन्ही न्यायालयांनी ही सुटका कायम ठेवली.

संतापानं पेटलेल्या शहरात, सर्वांत मोठ्या खटल्यात, एका माणसानं कागदावर डाग आहे का हे पाहिलं! मला या देशाच्या न्यायव्यवस्थेबद्दल आदर वाटतो तो अशा वेळी.

अक्षरधाम मंदिरावरच्या २००२च्या हल्ल्यातही असंच घडलं होतं. गोळ्यांनी चाळण झालेल्या हल्लेखोरांच्या खिशात कोरीकरकरीत पत्रं सापडल्याचं सांगितलं गेलं. ‘पोटा’ न्यायालयानं आणि गुजरात उच्च न्यायालयानं ते मान्य केलं, फाशीही कायम झाली. सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं ती तारीख होती १६ मे २०१४. त्या दिवशी लोकसभेचा निकाल होता, त्यामुळे बहुतेकांना ही बातमी कळलीच नाही. अटकेच्या वेळी ज्यांचे चेहरे काळ्या फडक्यात गुंडाळून देशाला दाखवले गेले, ते निर्दोष ठरले तेव्हा ते दाखवायला कुणी नव्हतं.

त्यांतल्या काहींनी पुढे भरपाई मागितली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला भरपाई देणं हा धोकादायक पायंडा पडेल, अशी भूमिका घेतली. मग विधी आयोगानं या प्रश्नाचा अभ्यास करून २७७ क्रमांकाचा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यात अडकवलेल्याला पैसा, उपचार, शिक्षण आणि रोजगारासाठी मदत मिळावी, त्यासाठी कायदा आणि विशेष न्यायालयं असावीत, असं त्यात सांगितलं आहे. अहवाल ऑगस्ट २०१८चा आहे. याउलट, २६ नोव्हेंबरचा हल्ला संपल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १८ डिसेंबर २००८पर्यंत, जामिनाचं ते कठोर कलम ‘यूएपीए’त घालणारी दुरुस्ती संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केली होती.