साचा मिळाला, इंजिनाचं काय?

मढच्या जेट्टीवर वर्सोव्याच्या फेरीबोटीची वाट पाहत उभं राहिलं की जुहूच्या बाजूनं हेलिकॉप्टरची घरघर ऐकू येते. तेलविहिरींवरच्या माणसांना घेऊन बॉम्बे हायकडे निघालेली ही हेलिकॉप्टरं इथल्या कोळ्यांच्या रोजच्या सवयीची, कोणी मान वर करत नाही. मी करतो, आणि आधी शेपूट पाहतो. पवन हंस कंपनीचं डॉफिन हेलिकॉप्टर असेल तर शेपटीचा पंखा उघडा नसतो, गोल कड्याच्या आत बसवलेला असतो. फ्रेंचांनी ही रचना १९६८ साली पहिल्यांदा उडवली आणि तिला फेनेस्ट्रॉन नाव दिलं. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत त्याचा अर्थ छोटी खिडकी.

तीच खिडकी चिनी लष्कराच्या झेड-९च्या शेपटीतही आहे. कारण झेड-९ म्हणजे डॉफिनच; १९८०मध्ये चीननं फ्रान्सकडून रीतसर परवाना घेऊन ते हार्बिनला बांधायला सुरुवात केली. पुढे त्याच यंत्रणेवर अरुंद, दोन माणसं पुढेमागे बसतील असं धड चढवून झेड-१९ हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर काढलं. मढवरून जाणाऱ्या डॉफिनचं ते दूरचं नातलगच.

१ ऑक्टोबर २०१९ला बीजिंगच्या संचलनात झेड-२० जगासमोर आलं, तेव्हा मीही सगळ्यांसारखंच म्हणालो होतो, की हे तर सरळ अमेरिकेचं ब्लॅक हॉक. नाक तेच, धडाचा उतार तोच. आणि पुरावाही हाताशी होता. १९८४मध्ये चीननं अमेरिकेकडून ब्लॅक हॉकच्याच घराण्यातली २४ एस-७० हेलिकॉप्टरं विकत घेतली होती, तिबेटच्या उंचीवर चालतील म्हणून. १९८९च्या तिआनमेन चौकातल्या दडपशाहीनंतर निर्बंध आले, सुटे भाग बंद झाले. हातातली हेलिकॉप्टरं टिकवायची तर ती उघडून, मापून, समजून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग झेड-२० नक्कल नाही तर काय?

त्या निकालावर मी बरीच वर्षं ठाम होतो. तो ढिला झाला तो एका जहाजामुळे.

ते जहाज मुंबईचं. १२ ऑक्टोबर १८१७ला मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ब्रिटिश आरमारासाठी मलबारी सागवानाचं ट्रिंकोमली पाण्यात सोडलं. त्याचा आराखडा होता लेडा वर्गाच्या फ्रिगेटचा. आणि लेडा कुठून आली? ब्रिटिशांनी १७८२मध्ये पकडलेल्या एबे या फ्रेंच फ्रिगेटवरून उतरवलेली. म्हणजे मुंबईत बांधली गेली ती नकलेची नक्कल. हे आराखडे आधी ज्या जहाजानं मुंबईला निघाले होते, ते जावा १८१२मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकनांनी बुडवलं. आणि जावा हेदेखील मुळात फ्रेंचांकडून पकडलेलंच जहाज. या साखळीत कोणालाच लाज वाटलेली दिसत नाही. शत्रूचं जहाज चांगलं असेल तर त्याची मापं घ्यावीत, हा तेव्हाचा शहाणपणा होता. आपल्या बाजूनंही तोच होता: शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमाराची सुरुवात केली तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामावर ठेवले होते. ट्रिंकोमली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, आणि तिला फ्रेंच जहाज म्हणणारा कोणी भेटत नाही.

नक्कल म्हणजे चोरी, ही समजूत नंतरची. आपल्याकडे पेटंटचा पहिला कायदा १८५६चा. कल्पनेला मालक मिळाला तशी परवानगीलाही किंमत आली, आणि एकाच कृतीची दोन नावं झाली: परवानगीनं केली तर परवाना, परवानगीविना केली तर चोरी. हा भेद मला मान्य आहे. ज्यानं रात्री जागून यंत्र काढलं त्याचा मोबदला बुडवणं हा अन्यायच. पण भेद पैशाचा आणि नीतीचा आहे. कोण काय शिकला, हे त्यावरून कळत नाही. १९७०च्या पेटंट कायद्यानं भारतानं औषधाच्या रेणूवरचा हक्क नाकारला आणि फक्त ते बनवण्याच्या कृतीवरचा मान्य केला. त्या मोकळिकीत मुंबईचे औषध कारखाने दुसऱ्यांची औषधं वेगळ्या वाटेनं बनवायला शिकले. २००१मध्ये सिप्लानं एड्सची औषधं माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा आफ्रिकेतल्या रुग्णांच्या जिवाचा प्रश्न होता. त्या कामाला नक्कल म्हणून नाक मुरडायला माझं मन तयार होत नाही.

मढच्या किनाऱ्यावर एकदा फायबरच्या होडीचा साचा काढताना पाहिला. जुनी होडी उलटी घातलेली, घासून गुळगुळीत केलेली, वर मेणाचा हात फिरवलेला. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन, थरावर थर. सुकल्यावर कवच सुटून आलं, आणि त्यातून हव्या तितक्या होड्या निघणार होत्या. आकाराचं काम तिथंच संपलं. पण ज्या म्हाताऱ्या सुतारकाकांना मालकानं मुद्दाम बोलावलं होतं, ते आकाराकडे पाहतही नव्हते. पठाणावर, म्हणजे होडीच्या कण्यावर, इंजिनाची बैठक कुठे घ्यायची, शाफ्ट किती उतारानं काढायचा, यावर त्यांनी अख्खी सकाळ घालवली. सूत ताणायचं, खूण करायची, पुसायची. मूळ होडीचं इंजिन वेगळं होतं, नव्याचं वजन वेगळं. साच्यात ते उत्तर नव्हतंच.

तेव्हापासून मी कुठल्याही नव्या हेलिकॉप्टरचं धड सोडून इंजिन आणि रोटर विचारतो. झेड-२०च्या रोटरला पाच पाती आहेत, ब्लॅक हॉकला चार. इंजिन चिनी आहे. झेड-१० या चीनच्या हल्ला करणाऱ्या हेलिकॉप्टरची कथा याहून बोलकी. त्याचा मूळ आराखडा रशियाच्या कामोव्ह कंपनीनं १९९५च्या करारानुसार काढून दिला होता, हे कामोव्हचे प्रमुख सर्गेई मिखेयेव यांनी २०१३मध्ये स्वतःच सांगितलं. इंजिन कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीचं लावायचं होतं. त्याच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बेकायदा पाठवल्याबद्दल २०१२मध्ये त्या कंपनीच्या उद्योगसमूहाला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. चीनला शेवटी आपलं, कमी ताकदीचं इंजिन लावावं लागलं. तेव्हा झेड-१०मध्ये चोरी शोधायची तर ती धडात नाही, त्या सॉफ्टवेअरच्या व्यवहारात सापडते. आणि चीनचं स्वतःचं कर्तृत्व शोधायचं तर ते त्या दुबळ्या इंजिनात सापडतं, कारण झेड-२०चं इंजिन त्याच वाटेवर पुढे तयार झालं.

मला खरी काळजी वाटते ती आपली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत मिग-२१ लढाऊ विमान भारतालाही मिळालं आणि चीनलाही. आपल्यासाठी नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला, कागदपत्रं आली, सुटे भाग आले, परवाना अखेरपर्यंत चालू राहिला. चीनचं रशियाशी बिनसलं, कागद अर्धवट हातात राहिले. उरलेलं त्यांनी स्वतः सोडवलं, १९६६मध्ये जे-७ ही त्याची आपली आवृत्ती उडवली आणि २०१३पर्यंत ती बनवत, विकत राहिले. ओझरच्या कामगारांच्या हातात कसब होतं, यात शंका नाही. पण दरवेळी नवा परवाना मिळत गेला, त्यामुळे अडून पडण्याची वेळच आली नाही. हेलिकॉप्टरचंही तसंच: फ्रेंच परवान्याचं चेतक १९६०च्या दशकापासून, ध्रुव जर्मनांच्या सल्ल्यानं, आणि कारगिलच्या उंचीचा धडा घेऊन घडवलेलं ‘प्रचंड’ हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर ३ ऑक्टोबर २०२२ला हवाई दलात आलं. प्रचंडचा आराखडा आपला आहे, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्याचं शक्ती इंजिन मात्र फ्रेंच कंपनीच्या भागीदारीतलं आहे.

म्हणून चीननं नवं काही दाखवलं की ‘कॉपी आहे’ म्हणून हसणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हसून लडाखच्या सीमेवरचा प्रश्न सुटत नाही. ते यंत्र कोणासारखं दिसतं हे विचारा, जरूर विचारा. पण उद्या बाहेरून एकही सुटा भाग आला नाही तर ते उडेल का, हेही विचारा. आणि हाच प्रश्न आपल्या यंत्रांना लावा.

मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ला हवाई दलातून निवृत्त झालं. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरहून तिथं बांधलेलं पहिलं तेजस लढाऊ विमान उडालं. त्याचं इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं होतं.