श्रेय, प्रेय आणि ऑनलाइन विद्यार्थी

कठोपनिषदात मृत्युदेव यम ज्ञान मागणाऱ्या बाल नचिकेत्याला श्रेय, म्हणजे अंती हितकर ठरणारे, आणि प्रेय, म्हणजे तत्काळ सुखावणारे, यांतील भेद सांगतो. ऑनलाइन शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याची आवड आणि गरज यांचा विचार करताना हाच भेद उपयोगी पडतो. नोकरी वा संसार सांभाळून शिकणारा विद्यार्थी सवडीची वेळ आणि पुन्हा ऐकता येणारे व्याख्यान पसंत करतो, तेव्हा ती निवड केवळ प्रेय मानता येत नाही, कारण तिच्यावाचून त्याला शिक्षणाचे दारच बंद राहते. तथापि शंकानिरसन, अभ्यासाची शिस्त आणि सहाध्यायांशी संवाद या गरजेच्या गोष्टी तो स्वतः मागेलच असे नाही. या गोष्टींतूनच ज्ञानग्रहणाची पात्रता घडते, आणि तिलाच वेदान्तात अधिकार म्हणतात. विद्यार्थ्याच्या आवडीचा मान राखून ही पात्रता घडवणे, हेच शिक्षणसंस्थेचे श्रेय होय.